बुराई पुसली, तापी उरली

संगणकाला खानदेशातल्या नद्या शिकवायच्या आहेत, असं धरून चालू. भाषा घेऊ वोल्फ्राम, म्हणजे मॅथेमॅटिका हे गणिताचं सॉफ्टवेअर ज्या भाषेवर चालतं ती. खऱ्या पडद्यावर हे सगळं रोमन अक्षरांत असतं; इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत.

नदी["शिंदखेडा"] = "बुराई"
नदी["धुळे"] = "पांझरा"
नदी["शिरपूर"] = "अरुणावती"
नदी["अमळनेर"] = "बोरी"
नदी[गाव_] := "तापी"

शेवटच्या ओळीतली ‘गाव’नंतरची खालची रेघ म्हणजे ‘कुठलंही गाव’. ज्या गावाची नदी वेगळी सांगितलेली नाही, त्याला तापी. भूगोलाच्या मास्तरांनाही हे पटेल, कारण वरच्या चारही नद्या शेवटी तापीलाच मिळतात.

आता शिंदखेड्याची नोंद काढायची आहे. बाकीच्या चौघींना धक्का लागता कामा नये. त्यासाठी एवढंच लिहायचं:

नदी["शिंदखेडा"] =.

बरोबरचं चिन्ह आणि एक टिंब. झालं काम. मग पुन्हा विचारा, शिंदखेड्याची नदी कोणती? बहुतेकांना वाटतं, आता चूक दाखवेल किंवा रिकामं उत्तर येईल. उत्तर येतं: तापी. खास नियम गेला की त्याच्या मागे उभा असलेला सर्वसाधारण नियम पुढे सरकतो. एक व्याख्या काढली म्हणून तिथे खड्डा पडत नाही.

आणखी एक गंमत. ‘कुठलंही गाव’ हा नियम सगळ्यात आधी लिहिला असता, तरी फरक पडला नसता. ही भाषा नेमके नियम वर आणि ढोबळ नियम खाली असा क्रम स्वतःच लावते. कोणता नियम जास्त नेमका हे तिला ठरवता आलं नाही, तरच लिहिल्याचा क्रम धरते.

एक बरोबर, एक टिंब

या टिंबाला ‘अनसेट’ म्हणतात. मॅथेमॅटिका बाजारात आलं २३ जून १९८८ रोजी. ते रचणारे स्टीफन वोल्फ्राम. त्याआधी १९८१ मध्ये त्यांनी एसएमपी नावाची अशीच एक प्रणाली काढली होती. ‘मॅथेमॅटिका’ हे बारसं मात्र स्टीव्ह जॉब्जने सुचवलेलं. जॉब्ज तेव्हा ॲपलबाहेर पडून नेक्स्ट नावाची कंपनी चालवत होता आणि नेक्स्टच्या संगणकासोबत हे सॉफ्टवेअर मिळायचं.

सॉफ्टवेअर महाग, हे खरं. पण नोव्हेंबर २०१३ पासून रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर ते फुकट मिळू लागलं. म्हणजे नद्यांचा हा खेळ तालुक्याच्या गावातल्या प्रयोगशाळेतही करून बघता येतो. पैसे अजिबात खर्चायचे नसतील तर मॅक्सिमा आहेच. त्याच्याकडे पुढे येऊ.

नेमकं बोला, नाहीतर सोडून द्या

टिंबाला अंदाजपंचे चालत नाही. मूळ नोंदीची डावी बाजू जशी होती, तशीच सांगावी लागते. नदी["चाळीसगाव"] =. असं लिहिलं, तर काढायला नोंदच नाही. मग संगणक ‘अशी नेमणूक सापडली नाही’ या अर्थाचा संदेश देतो आणि हाती ‘फेल्ड’ ठेवतो. चाळीसगावाला उत्तर मिळत होतं ना? मिळत होतं, पण ते ‘कुठलंही गाव’ या नियमाच्या जिवावर. चाळीसगावाच्या नावाने वेगळं काही लिहिलेलंच नव्हतं.

नियमाला अट जोडली असेल, समजा ‘लोकसंख्या अमुकपेक्षा जास्त असेल तरच’, तर काढताना ती अटही तशीच म्हणावी लागते. अट विसरलात तर अट घातलेला नियम जागच्या जागी राहतो. नवख्यांचे कितीतरी तास इथेच जातात. काढला म्हणून निश्चिंत व्हायचं आणि तोच नियम उत्तरं देत राहायचा.

यावर उपाय म्हणजे आधी यादी बघणं. ‘डाउनव्हॅल्यूज’ विचारलं की त्या फंक्शनच्या नावावर जमलेले सगळे नियम ओळीने समोर येतात. ती यादी साध्या यादीसारखीच वागते. त्यातला हवा तो नियम गाळून उरलेली यादी परत ठेवता येते. ज्याला डावी बाजू आठवत नाही त्याने टिंबाच्या मागे न लागता हा रस्ता धरावा.

सौम्य, कडक आणि जालीम

एकेक नको, बठ्ठंच साफ करायचं असेल, तर तीन पायऱ्या आहेत.

‘क्लिअर’ सगळ्या व्याख्या काढतं, पण फंक्शनला दिलेले गुणधर्म आणि त्याचे संदेश ठेवतं. ‘क्लिअरऑल’ तेही पुसतं; नाव मात्र शिल्लक राहतं. ‘रिमूव्ह’ नावच उखडून टाकतं. तरीही जुन्या एखाद्या समीकरणात ते नाव अडकलेलं असेल, तर तिथे ‘रिमूव्ह्ड’ असा शिक्का मारून ते दिसत राहतं. सातबाऱ्यावर कमी केलेलं नाव कंसात दिसतं ना, अगदी तसं.

क्लिअरला ताराचिन्हही कळतं. एका ओळीत आपण केलेल्या सगळ्या नावांवरून बोळा फिरवता येतो, आणि पुष्कळ जण फाइलच्या अगदी वर ही ओळ नेमाने लिहून ठेवतात. ताऱ्याऐवजी ‘@’ वापरलं तर मोठी रोमन अक्षरं वगळली जातात. भाषेची स्वतःची नावं मोठ्या अक्षराने सुरू होतात, म्हणून ही सोय.

अर्थात भाषेच्या स्वतःच्या व्याख्या पुसायचा प्रयत्न केला तरी जमत नाही. बेरजेवर, वजाबाकीवर ‘प्रोटेक्टेड’ असा पहारा आहे. पहारा उठवता येतो. उठवून बेरजेला नवे नियम शिकवण्याचा उद्योग करणारे बहाद्दरही आहेत. पण ‘ट्रू’ आणि उणे एकच्या वर्गमुळासाठी असलेलं नाव ‘लॉक्ड’ आहेत. तिथे किल्लीच नाही.

पडद्यावरून गेलं, आतून नाही

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. मॅथेमॅटिकाची पडद्यावरची वही, म्हणजे नोटबुक, उघडलेली आहे, नदीच्या पाचही ओळी माऊसने निवडल्या, डिलीटचं बटण दाबलं, वही कोरी झाली. तरी नदी["धुळे"] विचारा, पांझरा हजर! कारण वही वेगळी आणि हिशेब करणारा गाभा, म्हणजे कर्नल, वेगळा. वहीतली ओळ ही फक्त आज्ञेची नक्कल. आज्ञा एकदा आत गेली की कागद फाडून काही होत नाही.

उलटंही घडतं. वही भरलेली दिसते, पण काल रात्री संगणक बंद केला होता. सकाळी नदी विचारली, तर कर्नल कोरा. ओळी दिसतात, व्याख्या नाहीत. मास्तरांना दाखवायला आणलेला प्रकल्प ऐनवेळी मुका होतो तो बहुधा याच कारणाने.

याहून खोल गोष्ट म्हणजे या भाषेत तुमचा प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर हीसुद्धा साठवलेली व्याख्याच असते. ‘इन’ आणि ‘आउट’ ही दोन फंक्शनं. सातवा प्रश्न म्हणजे इन[7], त्याचं उत्तर आउट[7]. दोन्ही डाउनव्हॅल्यूजमध्ये बसलेली. त्यामुळे एखादी अवजड सारणी तयार करून तिचं नाव पुसलं, तरी स्मृती मोकळी होईलच असं नाही. सारणी पडद्यावर उत्तर म्हणून आली होती ना? मग आउटने तिला धरून ठेवलेलं असतं. इतिहास किती ठेवायचा ते आधीच शून्यावर आणून ठेवलं, तर ही अडगळ होत नाही.

पाठांतर करणारी फंक्शनं

आता मुख्य पक्वान्न. फिबोनाचीच्या संख्या काढायच्या: पहिल्या दोन १, पुढची प्रत्येक मागच्या दोघींची बेरीज. सरळसोट नियम लिहून तिसावी संख्या मागितली, तर ८,३२,०४० हे उत्तर येतं, पण त्यासाठी फंक्शन स्वतःला धरून १६,६४,०७९ वेळा हाका मारतं. तीच तीच बेरीज पुन्हा पुन्हा.

वोल्फ्राम भाषेत यावर एक झकास युक्ती आहे:

फ[न_] := फ[न] = फ[न-1] + फ[न-2]

दोन बरोबरची चिन्हं एकाच ओळीत. अर्थ असा, की उत्तर काढ आणि निघाल्याबरोबर तेच नवीन व्याख्या म्हणून लिहून ठेव. तिसावी संख्या मागितल्यावर फच्या नावावर बरोबर ३१ व्याख्या जमतात: तीस उत्तरं आणि एक सर्वसाधारण नियम. पुन्हा कुणी विचारलं तर हिशेब नाही, थेट पाठ केलेलं उत्तर.

या पाठांतराला ‘मेमो फंक्शन’ हे नाव दिलं डोनाल्ड मिची यांनी, १९६८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात. हे मिची दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला ॲलन ट्युरिंगसोबत सांकेतिक संदेश फोडायला होते.

आणि फिबोनाचीच्या आधीच आपल्याकडे या संख्या मोजून झाल्या होत्या. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी लघु-गुरू मात्रांची वृत्तं किती प्रकारे बांधता येतात हे सांगताना हाच नियम दिला. हेमचंद्र राहिले गुजरातेत, अणहिलवाड पाटणला. त्याच काळात दुसरीकडे भास्कराचार्य ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहीत होते (११५०, वय वर्षं ३६). त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, तोही पाटणलाच. पण हे पाटण आपल्या चाळीसगाव तालुक्यातलं. १२०७ चा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. चिन्हांचा खेळ भास्कराचार्यांना नवा नव्हताच. अज्ञात संख्यांना ते यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक म्हणत आणि गणित मांडताना फक्त या, का, नी, पी एवढंच लिहीत. काळा, निळा, पिवळा! आजच्या एक्स-वायपेक्षा हे कितीतरी रंगीत आहे, असं माझं पक्षपाती मत.

असो. पाठ करणाऱ्या फंक्शनचं पुसणं मात्र नाजूक. फ[30] =. लिहिलं की फक्त तिसावं उत्तर जातं. पुन्हा विचारा, एकोणतिसावं आणि अठ्ठाविसावं जागेवर असल्याने एका बेरजेत परत येतं. आता उलट करा. सर्वसाधारण नियम काढा, फ[न_] =. असं लिहून. काय उरतं? तीस उत्तरं, ज्या नियमातून ती आली त्याच्याशिवाय. फ[30] अजून ८,३२,०४० सांगतो. फ[31] विचारलं तर?

चूक दाखवत नाही. फ[31] असंच परत देतो. चिन्हांच्या भाषेचा हा खास स्वभाव आहे. ज्याची व्याख्या माहीत नाही ते तिच्या लेखी चुकीचं नसतं; ते नुसतं जसंच्या तसं राहतं. पायथनमध्ये हेच केलं तर लगेच लाल अक्षरांत तक्रार येते.

खरा धोका वेगळाच. नियम बदलला, पण पाठांतर पुसलं नाही. समजा पहिली संख्या १ ऐवजी ५ केली. फ[1] आता ५ सांगतो आणि फ[30] मात्र जुनंच ८,३२,०४०. दोन्ही उत्तरं पूर्ण आत्मविश्वासाने. कुठेही इशारा नाही. म्हणून पाठ करणाऱ्या फंक्शनचा नियम हातात घेण्याआधी क्लिअर करून मग नव्याने लिहिणं, हीच रीत.

बाकीच्यांचं काय? पायथनच्या एलआरयू-कॅशला सगळं पाठांतर एकदम विसरायला सांगता येतं, एखादंच उत्तर विसरायची सोय त्यात नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात १९८० मध्ये सुरू झालेल्या मेपलमध्ये त्यासाठी ‘फर्गेट’ आहे. अमुक एकच विसर, असं त्याला सांगता येतं.

दोन प्रकारचा लोप

पुसण्याचा विचार संगणकाच्याही कितीतरी आधीचा आहे; तिकडे जाऊ धुळ्यावरून. धुळ्याला वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्यांचा मृत्यू १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच झाला आणि पुढच्या वर्षी मंडळ उभं राहिलं. राजवाडे म्हटलं की लोकांना मराठ्यांच्या इतिहासाची साधनं आठवतात, पण व्याकरण हाही त्यांचा ध्यास होता. व्याकरणाचं नाव निघालं की पाणिनी आलाच. सुमारे ४,००० सूत्रांची ‘अष्टाध्यायी’ म्हणजे चिन्हांवर चालणारा कार्यक्रमच. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी, संगणकभाषांचं व्याकरण लिहिण्याच्या प्रसिद्ध पद्धतीला पाणिनीचंही नाव द्या, असं सुचवलं होतं.

सर्वसाधारण नियम तो उत्सर्ग, खास नियम तो अपवाद, आणि अपवाद उत्सर्गाला बाजूला सारतो. बुराई आणि तापीचं तेच नातं. पण मला जास्त भावतो तो पाणिनीचा पुसण्याचा विचार. पहिल्याच पादात त्याने लोप म्हणजे काय ते सांगितलंय: दिसेनासं होणं. नाहीसं होणं नव्हे, बरं का. लगेच पुढे तो म्हणतो की प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळे होणारी कामं होतातच. ‘सोमसुत्’ या शब्दाच्या शेवटचा विभक्तिप्रत्यय गळाला. तरी शब्द पद म्हणूनच वागतो, जणू प्रत्यय अजून तिथे आहे.

मग प्रत्ययाचा परिणामही नको असेल तर? त्यासाठी दुसऱ्या जातीचा लोप: लुक्, श्लु आणि लुप्. या तीन नावांनी प्रत्यय गेला, की अंगावर होणारी त्याची कामंही थांबतात. ही सूत्रं एकापाठोपाठ एक आहेत, साठ ते त्रेसष्ट. म्हणजे नियम काढल्यावर त्याची फळं ठेवायची की तीही काढायची, हा फ[न_] च्या वेळी पडलेला प्रश्न पाणिनीने इसवी सनाच्या काही शतकं आधी दोन वेगळी नावं देऊन निकालात काढला होता. आमच्या संगणकवाल्यांनी निदान तेवढी नावं तरी उसनी घ्यायला हवी होती.

ज्याची त्याची तऱ्हा

फोर्थ ही १९७० च्या सुमाराची भाषा, चार्ल्स मूर यांची. तिच्यात एखादा शब्द ‘फर्गेट’ केला की तो तर जातोच, शिवाय त्याच्यानंतर शिकवलेलं सगळंच जातं! शब्दकोश एकावर एक रचलेला, त्यामुळे मधलाच काढायची सोय नाही. १९९४ च्या प्रमाणकाने या आज्ञेला निवृत्तीच्या यादीत टाकलं.

टीसीएलमध्ये फंक्शन पुसायची वेगळी आज्ञाच नाही. त्याचं नाव बदलायचं आणि नवं नाव म्हणून काहीच द्यायचं नाही. नाव उरलं नाही, म्हणून फंक्शनही नाही.

मेपलमध्ये चलाची किंमत काढायची, तर त्याला अवतरणचिन्हात त्याचंच नाव द्यायचं. ‘तू म्हणजे तूच’ असं सांगितलं की ते मोकळं.

मुलांसाठी १९६७ मध्ये आलेल्या लोगोत ‘बरी’ नावाची आज्ञा पुढे आली. पुरून ठेवलेलं फंक्शन चालतं, पण सगळं पुसायच्या आज्ञेला ते सापडत नाही.

एमआयटीत १९६८ पासून घडलेलं मॅकसिमा म्हणजे मॅक्सिमाचा बाप. मॅक्सिमा थेट ‘किल’ म्हणतं. किल करून सगळं घालवता येतं किंवा एकच फंक्शन. १९९८ मध्ये विल्यम शेल्टर यांना ते खुल्या परवान्याखाली वाटायची परवानगी मिळाली, म्हणून आज कुणालाही फुकट.

लिस्प या सगळ्यांची आजी. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ ला सुरू केली. तिच्या जुन्या रूपात फंक्शनची व्याख्या म्हणजे नावाला टांगलेला एक गुणधर्म असे, आणि फंक्शन पुसायचं म्हणजे तो गुणधर्म काढून घ्यायचा. आजच्या कॉमन लिस्पमध्ये त्यासाठीची आज्ञा ‘एफमेकअनबाउंड’. नाव घेतानाच दम लागतो.

प्रोलॉगवर मात्र थोडं थांबू. १९७२ ला मार्सेय शहरात आलँ कोल्मरोए आणि फिलिप रूसेल यांनी ती केली. उधना-जळगाव रेल्वेमार्गावरची चार स्थानकं तिला सांगू: थांबा(दोंडाईचा). थांबा(शिंदखेडा). थांबा(नरडाणा). थांबा(अमळनेर). आता रिट्रॅक्ट करून शिंदखेडा काढा, फक्त तेवढंच जाईल. पण गावाच्या जागी चल टाकलं, म्हणजे ‘कुठलाही थांबा काढ’ म्हटलं, तर पहिला सापडेल तो दोंडाईचा जातो. ‘आणखी?’ म्हणत पुढचं उत्तर मागितलं की शिंदखेडाही जातो. प्रोलॉग चुकीच्या वाटेवरून मागे फिरते आणि वाटेत धरलेल्या सगळ्या किमती सोडून देते, ही तिची ख्याती. पुसलेला थांबा मात्र मागे फिरल्यावरही परत येत नाही. गंमत म्हणजे स्थानकं मोजण्याचं काम आधीच सुरू झालं असेल आणि मधेच एखादं काढलं, तर ती मोजणी जुनी यादीच धरून पूर्ण होते.

इथेही दोन पायऱ्या आहेत. ‘रिट्रॅक्टऑल’ने सगळे थांबे काढले, तर ‘थांबा आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर मिळतं. ‘ॲबॉलिश’ने काढले, तर ‘थांबा म्हणजे काय?’ असा उलटा सवाल येऊ शकतो.

कुठलं सिंदखेड?

सारख्या नावांचा त्रास आपल्या शिंदखेड्याला सवयीचा आहे. बाहेरच्या माणसाला शिंदखेडा म्हणावं, तर तो ‘जिजाऊंचं ना?’ म्हणतो. ते सिंदखेड राजा, बुलढाणा जिल्ह्यातलं. त्यात रेल्वेच्या पाटीवर आपण सिंदखेडा.

वोल्फ्राम भाषेने यासाठी प्रत्येक नावाला मुलूख दिला आहे. तुम्ही टंकलेलं नाव ‘ग्लोबल’ मुलखातलं, तयार पॅकेजमधलं नाव पॅकेजच्या मुलखातलं. नावं सारखी असली तरी माणसं दोन. घोटाळा कसा होतो बघा. पॅकेज चढवायला विसरलात आणि त्यातलं फंक्शन आधीच वापरलंत. भाषा तुम्हाला टोकत नाही. ती गुपचूप त्या नावाचं एक रिकामं चिन्ह ग्लोबलमध्ये तयार करते. मग आठवण झाली, पॅकेज चढवलं. आता एकाच नावाची दोन चिन्हं, एकाची सावली दुसऱ्यावर. तसा इशाराही येतो, लाल रंगात.

अशा वेळी क्लिअर करून उपयोग नाही, कारण आगंतुक चिन्हाकडे पुसण्यासारखी व्याख्याच नसते. अडचण त्याच्या नावाची आहे. टिंब, क्लिअर, क्लिअरऑल हे तिघेही नावाला हात लावत नाहीत. इथे जालीम रिमूव्हच लागतं, तेही ग्लोबलमधल्या त्या एकाच नावावर. मग पॅकेजमधलं फंक्शन आपोआप ओळखू येतं.